प्रश्न चौदावा

पेइपुस सरोवराच्या काठाला हे गाव, एकाच रस्त्याचं.
रस्ता सात किलोमीटर, कडेने कांद्याचे वाफे,
आणि परसापरसात काळवंडलेली खोपटं, मासे धुरवायची.
मी टार्टूहून येते, बसने, मंगळवारी.
पिशवीत एकोणीस फॉर्म, ग्रॅमचा वजनकाटा,
आणि विद्यापीठाने दिलेल्या मीठदाण्या.
दुकानातल्या दाणीला सतरा भोकं, आमच्या दाणीला पाच.
हात तेवढाच हलेल, मीठ कमी पडेल,
जिभेला पत्ता लागणार नाही:
हे हेल्वेबाईंचं गृहीतक.

पण आधी प्रश्न.
चौदावा असा:
तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने
तुम्हाला पक्षाघात होण्याची शक्यता किती?

किप्रियान म्हणाला, कमी. रोज कच्चा कांदा खातो मी.
पोस्टातली बाई म्हणाली, कमी. आई माझी नव्वदीत गेली.
होडीवाल्या सावेलीने आधी सिगरेट पेटवली,
मग म्हणाला, पुष्कळच कमी.
एकोणीस घरं, एकोणीस वेळा कमी.
मग हे इतर राहतात कुठे?
विचारलं, तर किप्रियानने हनुवटीने कुंपण दाखवलं,
पलीकडचं, फेव्रोनियाचं.
फेव्रोनियाने खिडकीतून बोट केलं,
किप्रियानकडे.

(हसायचं कारण नाही. प्रशिक्षणात
आम्हालाही भरायला लावला होता तो फॉर्म.
माझी खूण त्यांच्याच रकान्यात आहे.)

फेव्रोनियाच्या दाराशी तेरेन्तीची पहार अजून उभी.
सरोवर गोठलं की तो आधी पायी जायचा,
पन्नास पावलांवर एक भोक, बर्फाची जाडी बघायचा,
वीतभर भरली तरच गाडी आत घालायचा.
दार उघडं, पट्टा सोडलेला,
बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून.
एकेचाळीस हिवाळे. मोजासुद्धा भिजला नाही.
"भित्रा होता," ती सांगते, कौतुकाने.
मग एका मार्चमध्ये, चुलीच्या उबेत, सूप पुढ्यात असताना
त्याचा उजवा हात चमचा विसरला.
"तिथे पहार कुठे घालणार होता तो?"

माझ्याकडे यापुढे प्रश्न होता, पंधरावा.
मी तो विचारला नाही.

महिन्याने दाण्या तोलायला गेले.
बहुतेक घरांत आकडे हेल्वेबाईंच्या मनासारखे,
फेव्रोनियाची दाणी मात्र रिकामी, कधीचीच.
उजेडाकडे धरली.
पाचही भोकं रुंद, कडांना ताजे चरे.
"त्याच्या टोच्याने केली," ती म्हणाली,
चोरी पकडली गेल्याचा लवलेश नाही.
"मासे तोच खारवायचा. मूठ मोठी होती त्याची.
अळणी मासा घशाखाली उतरतो,
पण जेवण झाल्यासारखं वाटत नाही."

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात
ते किती ग्रॅम भरतं?
फॉर्मवर शेऱ्यासाठी दोनच ओळी.
मी लिहिलं: उपकरणात बिघाड.

निघताना तिने हातात पुडकं कोंबलं,
वर्तमानपत्रात ब्रीम मासा, अजून कोमट.
सहभागी व्यक्तीकडून भेट घेऊ नये, नियम सहावा.
बस सुटेपर्यंत मी नियम पाळला, म्हणजे
पुडकं पिशवीत ठेवलं, फॉर्मांच्या वर.

तेल झिरपलं.
चौदाव्या प्रश्नाखालचा कागद आरपार झाला,
आणि तिच्या खुणेतून खालची खूण दिसू लागली,
किप्रियानची,
बरोबर तिच्याच जागी.

टार्टूचे दिवे दिसायच्या आत मासा संपला होता,
बोटांनीच, काटे रुमालात गोळा करत.
शेजारच्या मुलाने खिडकी उघडली.

रात्री तीनदा उठून पाणी प्यायले.